बारा काळ्या पेन्सिली

माझी फजिती मीच सांगते. शेवंतानं सांगितली तर ती पदरचे चार शेर घालून सांगेल. शेवंता म्हणजे माझी धाकटी जाऊ. भिंतीला भिंत लागून तिचं घर, त्यामुळे तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलंय.

तर आमच्या कळंबच्या बाजूला हल्ली भातापेक्षा रिसॉर्ट जास्त उगवतात. मुंबईची माणसं शनिवारी येतात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसायचे पैसे भरतात आणि रविवारी कंबर धरून परत जातात. आम्ही जन्मभर फुकट बसलो, आमची कंबर कुणी विचारली का?

अशाच एका रिसॉर्टातली मॅडम शुक्रवारी आमच्या दारात आली. गळ्यात लाकडी मण्यांची माळ, पायातल्या चपला हातात. मातीत पाय टेकवायला आवडतं म्हणे.

"आजी, उद्या सकाळी आमचा ग्रुप तुमच्या अंगणात बसला तर चालेल? स्केचिंगच्या नव्या पेन्सिली आणल्यात, त्या ट्राय करायच्यात. इथलं सगळं किती नॅचरल आहे."

आता तुम्हीच सांगा, माणसं कागद-पेन्सिल घेऊन तुमच्या दारात बसणार, म्हणजे चित्र कुणाचं काढणार? मी धरून चालले, माझंच.

आणि मला ते हवंच होतं हो. भिंतीवर आमचे मालक हार घालून एकटेच टांगलेत. उद्या मी गेले तर त्यांच्या शेजारी लावायला माझा एक धड फोटो नाही. आहे तो आधार कार्डावरचा. त्यात मी कोंबडी चोरताना सापडल्यासारखी दिसते. पोरानं तोच मोठा करून लावला तर? मेल्यावरसुद्धा कायम चोर.

म्हणून शनिवारी पहाटेच लागले तयारीला. केस काळे केले. सुनेची बोरमाळ घातली, हिरवं लुगडं नेसले. तोंडाला पावडर लावली. सुरकुत्या दिसतच होत्या, म्हणून परत लावली. मग अंगणातली मोडकी बाज, फुटका रांजण, जुनी लाकडं, सगळं ढकललं शेवंताच्या दारात.

"बाय, माझ्या दारात उकिरडा कशाला गं?"

"आज माझं चित्र काढनार हायत. तू मधी मधी येऊ नको."

"मी कशाला येऊ? मला ढीगभर भांडी घासायचीत."

सकाळी नऊजण आले आणि घडीच्या स्टुलांवर बसले. मी समोर प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ. माझ्याजवळ बसलेल्या मुलीनं पत्र्याची डबी उघडली. आत बारा पेन्सिली, बाराही काळ्या.

"अगं, दुकानदारानं फसवलं तुला. रंगीत कुटं हायत?"

ती हसली. "नाही आजी, प्रत्येकीचा काळा वेगळा. ही कडक, हिची रेघ फिकट येते. ही एकदम मऊ, हिचा काळा सगळ्यात गडद."

बारा तऱ्हेचा काळा. आमच्या वेळी मुलगी बघायला यायचे त्यांना दोनच ठाऊक होते, सावळी आणि काळी.

मग दोन तास मी हलले नाही. नाकावर माशी बसली, बसू दिली. पाठीला मुंग्या आल्या, येऊ दिल्या. ती माणसं एक डोळा मिटून पेन्सिल हवेत धरायची, मान तिरकी करायची, पुन्हा कागदात घुसायची. मला वाटलं, माझं माप घेतायत.

शेवटी मॅडमनी चहाला उठवलं. मी लगबगीनं बघायला गेले. पहिला कागद, शेवंता भांडी घासताना. दुसरा, फुटका रांजण आणि शेवंता. तिसरा, माझीच मोडकी बाज आणि तिच्यामागं शेवंता. असे आठ कागद. तिच्या पदराची भोकंसुद्धा एकेक मोजून काढलेली.

"मॅडम, आन् मी?"

मॅडम अवघडली. "आजी, काय आहे ना, पेन्सिली ट्राय करायला उजेड-सावली लागते. सुरकुत्या, तडे, जुनं लाकूड. तुमच्याकडे आज सगळं... फारच स्वच्छ आहे."

शेवंता राखेचे हात घेऊन उभी होती. "मी आले नाय हां मधी. तेच माझ्याकडं बघत व्हते."

नववा कागद त्या जवळच्या मुलीचा. तिला माझी दया आली असणार. तिनं मलाच काढलं होतं. केस असे काळेभोर की सगळ्यात मऊ पेन्सिल त्यातच निम्मी झिजली होती. चेहऱ्यावर मात्र पावडरीमुळे पेन्सिल टेकवायला जागाच सापडली नव्हती. गोरी, गुळगुळीत, विशीतली बाई. मला ते चित्र फार आवडलं. पोराकडून फ्रेम करून घेतली आणि मरायची वाट न बघता मालकांच्या शेजारी लावून टाकली.

महिन्याभरानं खालापूरचे भावजी आले, मालकांचे मावसभाऊ. चहाची बशी हातात, नजर भिंतीवर. मग माझ्याकडे बघितलं, परत भिंतीकडे.

"वयनी, रागावू नका. दादानं दुसरी केलती का? आमाला कदी बोल्ला नाय."

शेवंता तोंडात पदर कोंबून बाहेर पळाली. आता ही मीच आहे, हे कुठल्या तोंडानं सांगू?

मी म्हटलं, "केलती. पन लई गुनाची हाय. आल्यापासनं भिंतीवर हाय, एक शबुद उलटा बोलली नाय."

भावजींनी मालकांच्या फोटोकडे निरखून बघितलं.

"तरीच," ते म्हणाले, "दादा फोटोत येवढा खूश दिसतोय."