समोरच्या आप्पांच्या दोन फुल्या

रेवा, ईशान, परवा रंगाचे नमुने दाखवायला मी फोन कंपाउंडच्या भिंतीकडे फिरवला, तेव्हा तुम्ही दोघं एकदम ओरडलात, "आजी, तुझ्या भिंतीला कुणी नापास केलं?" त्या भिंतीवर पांढऱ्या ऑइलपेंटच्या दोन मोठ्या फुल्या आहेत, एकमेकींपासून चार फुटांवर. त्या कशाच्या, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. सोमवारी रंगारी येणार आहे. त्याच्या आत सगळं क्रमानं लिहून ठेवते, कारण भिंत रंगली की मलाही तपशील आठवणार नाहीत, आणि या गोष्टीत एक चूक माझी आहे. ती माझ्याच अक्षरात असलेली बरी.

आमच्या समोरच्या आप्पांइतका उजेडावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या अनगोळात झाला नाही, बेळगावात झाला नाही, आणि इथून निपाणीपर्यंतच्या रस्त्यावर कुणी असलाच तर तो विजेच्या खांबावर राहत असला पाहिजे. त्यांच्या व्हरांड्यातला दिवा भर दुपारीही चालू असायचा. सदऱ्याच्या खिशात टॉर्च कायम. लग्नाच्या हॉलमध्ये झुंबरं लावलेली असली तरी पंगतीत ते टॉर्च काढून आधी पान तपासत. "काय वाढलंय ते दिसल्याशिवाय घास घ्यायचा न्हाय," असं त्यांचं ठाम मत. एका वर्षी गल्लीच्या गणपतीची आरती चालू असताना वीज गेली. लोक मेणबत्त्या शोधेपर्यंत आप्पांनी आपली जुनी पांढरी गाडी आणून मंडपासमोर तिरकी उभी केली आणि हेडलाइट सोडले. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, प्रसाद वाटून झाला. तोवर बॅटरी इतकी उतरली की सगळ्या भक्तांना मिळून गाडी ढकलत त्यांच्या दारात न्यावी लागली. आप्पा आत स्टिअरिंगला बसून टॉर्चनं रस्ता दाखवत होते.

त्यांची अख्खी नोकरी मोजणी खात्यात गेली. त्यामुळे दुसऱ्या खिशात टेप आणि खडू. जिथं मोजतील तिथं फुली मारायची, ही शेताच्या बांधांवरची सवय गल्लीतही सुटली नाही. दुधाची पिशवी लटकवायचा खिळा, स्कूटर लावायची जागा, पाण्याच्या टाकीतली पातळी, सगळीकडे फुल्या. एकदा माझी तुळशीची कुंडी मध्यावर नाही म्हणून माझ्या अंगणात फुली मारून गेले. मला राग आला. मी पस्तीस वर्षं कॅम्पातल्या शाळेत इंग्रजी शिकवलेली. मी म्हटलं, "आप्पा, फुली म्हणजे चूक. मुलांच्या वह्यांवर मी हजारो मारल्यात." ते शांतपणे म्हणाले, "तुमची फुली म्हंजे चूक, बाई. आमची फुली म्हंजे हितं."

आता गाडीकडे येते. दर गुरुवारी ते ती घेऊन सदलग्याला जात, त्यांच्या आक्काकडे. आप्पा चार वर्षांचे असताना आई गेली आणि बारा वर्षांच्या आक्कानं त्यांना वाढवलं. ती आता नव्वदीला आलेली. गुरुवारी दुपारपासून दारात बसायची, आणि दिवेलागण होऊन, भाऊ जेवून उठल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू द्यायची नाही. म्हणजे परतीचा सगळा रस्ता अंधारातला. "मग राहा की रात्री तिथंच," असं मी एकदा सुचवलं. तर म्हणाले, "शुक्रवारी सकाळी आमच्या नळाला पाणी येतंय. ते कोण भरणार?" घरात कमावता मुलगा होता, सून होती, पण टाकी फुलीपर्यंत भरायचं काम दुसऱ्या कुणाला जमेल यावर त्यांचा विश्वास नव्हता.

एका थंडीत, उसाचा हंगाम जोरात असताना, निपाणीच्या अलीकडे त्यांच्यासमोर अचानक ऊस आला. म्हणजे ऊस भरलेली ट्रॉली. मागं लाल दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही. गाडी थांबली तेव्हा उसाची पानं काचेला टेकली होती. दुसऱ्या दिवशी मुलगा विनायक म्हणाला, "आप्पा, बास झालं. चावी माझ्याकडं द्या." आप्पांनी महिन्याची मुदत मागितली. आधी डोळे तपासून घेतले. मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वीच काढलेला, डॉक्टर म्हणाले डोळे उत्तम आहेत. "बघा," आप्पा विजयानं म्हणाले, "मी बरोबर हाय. गाडीला दिसत न्हाय."

मग गाडीवर उपचार सुरू झाले. हेडलाइटच्या काचा जुन्या होऊन पिवळ्या पडल्या होत्या, त्या आप्पा टूथपेस्ट लावून रोज सकाळी घासू लागले. गल्लीत पुदिन्याचा वास सुटायचा. "काय आप्पा, गाडीच्या दाढा काढताय?" असं येणारेजाणारे विचारत. काचा खरंच उजळल्या. त्यानंतर जुने बल्ब काढून बाजारातून एलईडीचे नवे आणले. त्या खोक्यात एक घडीचा कागद निघाला, इंग्रजीतला. तो घेऊन आप्पा माझ्याकडे आले.

मुलांनो, तो कागद वाचून माझ्या अंगावर काटा आला. एका वाक्याला क्रियापद नव्हतं, दुसऱ्याला दोन होती. मी लाल पेन घेतलं आणि कागद तपासायला बसले. आप्पा समोर हात जोडून बसलेले. मजकुराचा अर्थ असा होता की गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करावी, दिव्यांच्या मध्याच्या उंचीवर भिंतीवर खुणा कराव्यात आणि मागचा स्क्रू फिरवून उजेड त्या खुणांना जुळवावा. एका ओळीत लिहिलं होतं, उजेडाची वरची कड खुणेच्या दोन इंच खाली असावी. मी स्वतःशीच हसले. वरची कड खाली कशी असेल? ज्यानं साध्या क्रियापदाचा गोंधळ केला त्यानं इथंही केला असणार. मी 'खाली'वर काट मारली आणि सुवाच्य अक्षरात 'वर' लिहिलं.

आप्पांच्या पोर्चात उभ्या असलेल्या गाडीच्या नाकापासून माझी भिंत बरोबर पंचवीस फूट निघाली. "भिंत तुमची, बाई, पण अंतर माझं," असं म्हणून त्यांनी खडूनं दोन फुल्या मारल्या. त्या संध्याकाळी उजेडाची वरची कड माझ्या दुरुस्तीप्रमाणे फुल्यांच्या दोन इंच वर बसवली. माझ्या स्वयंपाकघरात गॅसवर काय शिजतंय ते समोरच्यांना दिसू लागलं.

पुढचे तीन गुरुवार आप्पा फार आनंदात होते. "बाई, लोक लई चांगले झालेत ओ," ते सांगायचे. "समोरून येणारा परतेक जण लाइट मारून नमस्कार करायलाय. ट्रकवाले, बसवाले, सगळे! मी पण मारतोय की उलटून." मलाही ते ऐकून बरं वाटायचं. एका ट्रकवाल्यानं तर गाडी थांबवून काच खाली केली आणि कन्नडमध्ये बरंच काही सुनावलं. आप्पांना कन्नड उत्तम येतं, पण त्यांचा नमस्कारावर विश्वास इतका दृढ होता की त्यांना वाटलं, याचं घरी भांडण झालं असेल.

चौथ्या गुरुवारी सदलग्याच्या वळणावर समोरून एक दूधवाला मोटरसायकलवरून येत होता. आप्पांच्या गाडीचा उजेड थेट डोळ्यांत गेला आणि तो रस्ता सोडून उसात शिरला. आप्पा धावले. त्याचा गुडघा खरचटला होता, दोन्ही कॅन आडवे झाले होते आणि सरीतून दूध वाहत होतं. कपाळाला हात लावून तो म्हणाला, "आप्पा, हे लाइट लावलाय का सूर्य?" त्याला घरी पोचवून आप्पा परतले, ते सबंध वाट मुंगीच्या चालीनं. सकाळी त्यांनी आपणहून चावी विनायकच्या हातात ठेवली. व्हरांड्यातला दिवा त्या दिवशी दुपारी बंद होता. मला ते खिडकीतून दिसलं आणि चैन पडेना.

मी तो कागद मागवून घेतला. सबंध वाचला, माझ्या दुरुस्त्या झाकून. मग जिन्यातल्या बल्बसमोर हात आडवा धरून भिंतीवर सावलीची कड पाहिली, हात वरखाली केला. उजेडाची वरची कड खुणेच्या खालीच असायला हवी होती, म्हणजे मग उजेड रस्त्यावर पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. कागद लिहिणाऱ्या त्या बिचाऱ्याला क्रियापद येत नव्हतं, पण दिवा कळत होता. मी रस्ता ओलांडून गेले आणि विनायकच्या देखत सांगितलं, "आप्पा, चूक माझी आहे. दूधवाल्याची क्षमासुद्धा मीच मागायला हवी." आप्पांनी कागदाची घडी घातली. "बाई," ते म्हणाले, "तुमच्या लाल पेनावर मी डोळं झाकून इस्वास ठेवला. डोळं झाकून लाइट लावत नसत्यात."

विनायकनं एक संधी दिली. दिवेलागणीला आम्ही पुन्हा भिंतीसमोर उभे राहिलो. टेप माझ्या हातात, आप्पा स्क्रूपाशी. "खाली, अजून खाली, थांबा!" दोन इंच, मी चष्मा लावून मोजले. अट अशी होती की पुढच्या गुरुवारी मी सोबत जायचं आणि समोरून किती जण लाइट मारतात ते वहीत लिहायचं. एकानंही मारला तर चावी कायमची विनायककडे.

सदलग्याला आधी दूधवाल्याच्या घरी गेलो. त्यानं चहा पाजला आणि गाडीच्या दिव्यांकडे लांबूनच पाहिलं. आक्का दारात बसलेली होती, मुठीएवढी बाई. माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "तुमीच काय त्या विंग्रजी बाई? ह्याला जरा समजवा वो, रातीचं हितंच ऱ्हात जा म्हणून. ल्हान असताना दिवा इजला की माझा पदर सोडायचा न्हाय हा. रातभर मूठ आवळून झोपायचा." आप्पा टॉर्चनं ताटातली उसळ तपासण्यात गढून गेले होते. मी त्या टॉर्चला हसणार होते, हसले नाही.

परतताना मी वही उघडून बसले. पहिली बस आली आणि गेली. ट्रक आले, गेले. उजेड समोर रस्त्यावर सतरंजीसारखा पसरला होता. कडेची पांढरी रेघ दिसत होती, खड्डे दिसत होते, समोरच्याच्या चेहऱ्यावर मात्र काही जात नव्हतं. निपाणी मागं पडल्यावर लांबवर उसाची एक ट्रॉली दिसली, हिलाही मागं दिवा नव्हता, पण उसावर पाय सोडून बसलेला माणूससुद्धा वेळेत दिसला. आप्पांनी गाडी हळू केली. "दिसली," एवढंच म्हणाले. अनगोळात शिरेपर्यंत माझं पान कोरं होतं. गाडी पोर्चात लावून त्यांनी दिवे बंद केले. "बाई, आज कुणीच नमस्कार केला न्हाय," ते म्हणाले, जरा खट्टू होऊन. विनायकनं कोरं पान पाहिलं आणि चावी खिळ्याला परत अडकवली, फुली होती तिथं.

खडू पावसात पुसला जाईल म्हणून आप्पांनी मी बँकेत गेलेली असताना फुल्या ऑइलपेंटनं पक्क्या केल्या. मी भांडले नाही. दोन हंगाम ते गुरुवारी जात राहिले. मग गेल्या वर्षी आमच्या गल्लीत चोवीस तास पाणी आलं. सगळे खूश झाले, आप्पा विचारात पडले, कारण शुक्रवारी सकाळी परतायला आता कारणच उरलं नव्हतं. आक्काला उठता बसताना हात लागत होता. एका गुरुवारी ते गेले ते तिथंच राहिले. इतके उत्तम दिवे बसवले आणि रात्रीचा प्रवासच संपला.

इथवर रविवारी लिहिलं होतं. आज बुधवार. रंगारी भिंत घासत फुल्यांपाशी आला आणि म्हणाला, "ह्या खरवडून काढतो की, बाई." मी त्याला कडेकडेनं रंगवायला सांगितलं. तो म्हणाला, "बरं दिसणार न्हाय." मी म्हटलं, राहू दे. आप्पा महिन्यातून एकदा येतात. दिवे लागले की गाडी पोर्चात उभी करतात, मला हाक मारतात, आणि मी चष्मा लावून दोन इंच मोजते. एरवी समोर आता दिवसा दिवा जळत नाही. भिंत फिकट पिवळी झाली आहे. दोन्ही फुल्या आहेत.