काकीचं भिरंडेल

मुंबईच्या इस्पितळाने हात टेकले तेव्हा आईला आम्ही बोटीने देवबागला परत आणलं. छातीतल्या गाठीचा कॅन्सर. साठ-एकसष्टच्या सुमाराला तो शब्द गावात कुजबुजत बोलायचे, आणि शिवलं की तो होतो अशी साऱ्यांची खात्री. बायका खळ्यातूनच, म्हणजे बाहेरच्या अंगणातूनच, "बरा आसा मां?" विचारून पाठ फिरवायच्या. मला त्यांचा राग यायचा, पण त्यांचं वागणं निदान समजायचं. समजत नव्हती ती शेजारची, मासे विकणारी काकी.

बाजारातून आली की ती सरळ आत यायची, आईच्या पायथ्याशी बसायची आणि भिरंडेल, म्हणजे आमचं कोकमाच्या बियांचं तेल, कोमट करून तिच्या पायांना चोळायची. चोळताना मासळीबाजारातल्या भांडणांच्या नकला चालायच्या. आई हसायची, मग तिला डोळा लागायचा. हे सगळं चांगलंच होतं, तरी माझ्या मनात पाल चुकचुकायची. फुकट कोण कोणासाठी एवढं करतं?

त्यात आईचे पाय झाले की त्याच तेलकट हातांनी ती माझे हात धरायची. "हात हाड गो हंय," म्हणजे हात इकडे आण, म्हणायची. आमच्याकडे माणसाचं दुखणं नारळावर नाहीतर कोंबड्यावर उतरवतात आणि तिठ्यावर सोडून येतात. ही बया आईचं दुखणं पायांतून काढून माझ्यावर उतरवते आहे, असंच मी धरून चालले. ती गेली की चुलीतल्या राखेने हात खसाखसा घासायचे. आईच्या जखमेच्या चिंध्या सोड्यात धुऊन ते आधीच चिरलेले, आता त्यांतून रक्त यायला लागलं. वर मला पाहून दोघी बोलायच्या थांबायच्या. आईही तिला सामील, हे मला जिव्हारी लागलं होतं.

एके दुपारी काकीने हात धरताच मी हिसडा दिला.

"काकी, आयेचा दुखणा माज्यार उतरवतस? माका सगळा कळता!"

काकीने तेलाची वाटी खाली ठेवली आणि आईकडे पाहिलं. आई उशीवरून जरा वर सरकली. बोलताना तिला धाप लागायची.

"त्येल मीच मागवलंय," ती म्हणाली. "तुज्या हातांका. तू आपणान लावन घेवचंस नाय, म्हणान आधी मी माजे पाय फुडे केलंय. माका आता खंय चलूचा आसा?"