अठराव्या पाकिटातला केस

सत्तरच्या दशकात नागपुरात मी केसांवर संशोधन करत होतो. गुन्ह्याच्या जागी सापडलेला केस कोणाचा, हे सूक्ष्मदर्शकाखाली कितपत सांगता येतं, हा विषय. त्यासाठी बायकांचे केस हवे होते. पण केसांवरून करणी करतात या भीतीने कोणी देईना. शेवटी आमच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या धुणाऱ्या बाईंनी त्यांच्या मोहल्ल्यातून फणीतलं गुंतवळ आणून दिलं. वीस बायका, वीस पाकिटं.

अठराव्या पाकिटाने मला आठवडाभर छळलं. काही केस बारीक, मुळासकट गळलेले. काही जाड, मूळच नसलेले. एका डोक्यावर दोन जातींचे केस! मोठा शोध लागला म्हणून मी चार पानं लिहून काढली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या मार्गदर्शक सरांपुढे वाचायची होती.

"साहेब, काहून डोळे फोडून राहिले?" बाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्या पदराआड हसायला लागल्या.

"शोध कायचा जी! गंगावन होय ते. माही जाऊ वेणीत घालते. बाजारातले केस. कोणाले सांगू नका."

मी पुन्हा पाहिलं. जाड केसांची दोन्ही टोकं कापलेली होती. आठवडाभर तीच तर बघत होतो.

पानं फाडली. दुसऱ्या दिवशी सरांना म्हणालो, "नमुन्यात गंगावनाचे केस मिसळतात, हे माझ्या लक्षात आलं." सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. बाई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या. प्रबंधात मी टंकलेखकाचेही आभार मानले, बाईंचे नाही. पुढे नोकरी, संसार, सगळं छान झालं. एवढंच सलत राहिलं.

बाई आता भिवापूरला लेकाकडे असतात. परवा तिथे जाऊन त्यांच्यापाशी हे कबूल केलं.

"मले का ठाऊक नाही? चहा मीच आणला होता. तुमचे कान कसे लाल झालते!"

"आता सगळं लिहून टाकतो. तुमचं नाव घालू ना?"

"नाव नका घालू जी! जाऊ अजून जित्ती हाय. अन् गंगावनबी लावते."

दोघंही ठसका लागेपर्यंत हसलो. निघताना त्यांनी मिरच्यांची पिशवी हातात दिली.

म्हणून इथे नाव नाही. पण अठराव्या पाकिटातला केस ओळखला तो त्यांनी, मी नाही.