अर्ध्या मिलिमीटरची भोकं

"भोकं वाढलीत," हॅरल्ड फोनवर म्हणाले. "तुमच्या माश्या सोडल्यापासून वाढलीत. सोमवारी चर्चच्या कमिटीची मीटिंग आहे. काय सांगू त्यांना?"

मी लंडनजवळच्या पिनरहून गाडी काढली. जुन्या लाकडाला लागलेली कीड तपासणं हे माझं काम. हॅरल्ड केंब्रिजजवळच्या एका खेड्यातल्या चर्चची देखभाल बघतात. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. तिथे संतांची चित्रं रंगवलेलं एक लाकडी पॅनेल आहे, काही शतकं जुनं. त्याला वुडवर्म लागला होता.

वुडवर्म म्हणजे एका लहान भुंगेऱ्याची अळी. ती काही वर्षं आतून लाकूड खाते, मग भुंगेरा होऊन भोक पाडून बाहेर पडते. आपल्याला दिसतं ते फक्त भोक आणि खाली पडलेलं लाकडाचं पीठ. औषधाची फवारणी केली तर चित्रांचा रंग निघायची भीती. म्हणून मी या अळ्यांवरच जगणारी एक गांधीलमाशी सुचवली. आकाराने मुंगीएवढी, माणसाच्या वाटेला न जाणारी.

"रिपोर्टच्या पहिल्या पानावर वॉस्प लिहू नकोस," माझी बॉस हेलन म्हणाली होती. "कमिटी दुसरं पान उघडणार नाही."

मी तरी गांधीलमाशी हे नाव तिथेच लिहिलं. कमिटीत एकट्या हॅरल्डनी माझी बाजू घेतली. आता कमिटीतले फवारणीवाले पुन्हा जोरात होते, आणि माश्या फसल्या तर शब्द जाणार होता तो हॅरल्डचा.

चर्चमध्ये पोचले तेव्हा ते पॅनेलसमोर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला. भोकं खरंच वाढली होती. मग भिंग लावलं, मोजपट्टी धरली.

"हॅरल्ड, हे जुनं भोक बघा. दोन मिलिमीटर. भुंगेऱ्याचं. आणि हे नवं?"

त्यांनी चष्मा वर केला. "सुईनं टोचल्यासारखं आहे. अर्धा असेल."

"ते माशीचं आहे. मादी माशी अळीला लाकडाबाहेरून हुडकते, शेपटाकडची बारीक नळी आत घालून तिला लुळं करते आणि तिच्यावर अंडं घालते. माशीचं पिल्लू अळी खाऊन वाढतं आणि हे भोक पाडून बाहेर येतं. असं एक भोक म्हणजे एक अळी संपली."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

मला ते इतकं सवयीचं होतं की सांगायचं राहूनच गेलं होतं.

तेवढ्यात त्यांनी बोट दाखवलं. एका संताच्या पायाशी एक माशी लाकूड चाचपत होती. थांबली. केसाएवढी नळी सरळ रोवली आणि ओकच्या लाकडात उतरवू लागली. आम्ही दोघं वाकून बघत होतो. नळी पूर्ण आत जायला बराच वेळ लागला.

"पन्नास वर्षं ड्रिल चालवलं," हॅरल्ड हळूच म्हणाले. "आत काय आहे हे न बघता इतकं नेमकं मला कधी जमलं नाही."

सोमवारी त्यांनी कमिटीला मीटिंगऐवजी पॅनेलसमोर उभं केलं, हातात भिंग देऊन. फवारणी पुढे ढकलली गेली. पुढच्या उन्हाळ्यात पीठ बरंच कमी पडलं. कीड पूर्ण गेलेली नाही. माश्या अजून काही वर्षं सोडाव्या लागतील.

आता मी क्लायंटला आधीच लिहून देते: काम नीट चाललं असेल तर सुरुवातीला ते बिघडल्यासारखं दिसेल.