लेकीचा ओटा

दुसऱ्याच्या भांडणात मी चपला न घालता धावते. जुनी खोड आहे. माहेरी, ठाण्याला, आई म्हणायची, "हिचं तोंड हिच्या आधी पोचतं." लग्न होऊन कल्याणला आले तरी काही फरक पडला नाही. पुढे डोंबिवलीच्या शाळेत मराठी शिकवायला लागले, तेव्हा तर बोलायचा परवानाच मिळाला. आता इतक्या वर्षांनी हे सांगायला बसलेय तर बसवत नाहीये. दोनदा उठून गॅस बंद आहे ना, ते बघून आले.

ऐंशीच्या दशकातली पहिली वर्षं असतील. सासरी सगळे मासेखाऊ, आणि बाजारातून मासळी आणायचं काम आल्या आल्या माझ्या गळ्यात पडलं. सासूबाईंनी स्टेशनजवळच्या मासळीबाजारात नेऊन मला एका ओट्यापुढे उभं केलं. "ही आपली कोळीण. दुसरीकडे जायचं नाही." काय बाई होती ती! खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. ओट्यावर मांडी ठोकून बसायची आणि भाव कमी कर म्हटलं की माझ्या माहेरचा उद्धार करायची. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली.

तिच्या मागे, खाली पाटावर बसून मासे साफ करायचं काम तिचं थोरलं पोर करायचं. साधारण माझ्याच वयाचं. शर्ट, लुंगी आणि बाही वर सरकली की मनगटात एकच हिरवी बांगडी. ओट्यावर बसायचं नाही, खालीच बसायचं, कारण त्या बाजारात पुरुष विकायला बसत नाहीत. पुरुषांनी खाडीत जायचं, जाळं टाकायचं, पाट्या आणून उतरवायच्या. विकायचं बाईनं. ओटा आईकडून लेकीकडे जातो, लेक नसेल तर सुनेकडे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मोडायची कुणाची छातीही नव्हती.

एका वर्षी शिमगा झाला आणि ते थोरलं साडी नेसून बाजारात आलं. लोकांना वाटलं, शिमग्याचं सोंग आहे, अजून उतरलं नाही. दुसऱ्या दिवशीही साडी. पुढच्या आठवड्यातही साडी, आणि केसांत अबोलीचा वळेसर. तेव्हा कुठे बाजाराच्या लक्षात आलं, की सोंग होतं ते आधीचं. रिक्षा स्टँडवरून शिट्ट्या आल्या, तशी म्हाताऱ्या कोळणीनं उठून बर्फाचं पाणी बादलीभर त्यांच्यावर फेकलं. "माझी लेक हाय! परत शिटी वाजवलीत तर जीभ कापून वाट्यावर ठेवीन." त्यानंतर शिट्ट्या बंद झाल्या. कुजबुज चालूच राहिली.

बाजारातल्या बायका दुष्ट नव्हत्या. त्यांनी आपली एक पळवाट काढली. तो म्हणायची चोरी, ती म्हणायचा संकोच, म्हणून सगळ्या 'पोर' म्हणायच्या. पोर आलं, पोर गेलं, पोराला चहा द्या. तिशी ओलांडली तरी पोरच. मी व्याकरण शिकवणारी, मला ते ऐकून आत काहीतरी टोचायचं, पण मी स्वतः काय म्हणत होते? काहीच नाही. "अहो, ती बोय द्या," असं माशाकडे बोट दाखवत, वाक्य फिरवून वेळ मारून न्यायचे.

म्हातारीचे गुडघे गेले तशी थोरली रविवारी आमच्या बिल्डिंगमध्ये पाटी घेऊन यायला लागली. (मी तिला इथे थोरलीच म्हणते.) स्वयंपाकघराच्या दारात चहा व्हायचा. एकदा ती म्हणाली, बायकांचा टेलर तिचं माप घेत नाही आणि पुरुषांचा टेलर ब्लाउज शिवत नाही. मी उठले, कपाटातून माझा ब्लाउज काढला आणि मापाला दिला. खांद्यात जरा सैल करायला सांग म्हटलं. तिनं ब्लाउजची बाही आपल्या दंडाला लावून पाहिली. मग म्हणाली, "ताई, बाजारात काय म्हणायचं ते म्हणू द्या. तुमच्या घरात तरी मला ती म्हणा."

एवढंच मागितलं होतं. मी म्हटलं, त्यात काय मोठंसं! पण जीभ म्हणजे ऐकणारं जनावर नाही. भांडी घासताना मी सराव करायचे. तो आला... ती आली, ती आली. सासूबाई विचारायच्या, "कोण आलं गं?" सासूबाईंनी शेवटपर्यंत तिला 'ती' म्हटलं नाही, पण चहाच्या कपात भेदभाव केला नाही, हेही सांगायला हवं. वर्षभरात माझ्या तोंडात 'ती' बसलं. मला वाटलं, जमलं. आपण सुधारलो. किती गोड वाटतं ते!

एकोणीसशे नव्वदनंतर म्हातारी अंथरुणाला खिळली. थोरलीनं तिचं सगळं केलं, अगदी सगळं. म्हातारी गेली तेव्हा बायकांनी तिला शेवटची आंघोळ घातली, त्यात थोरलीही होती आणि कुणी तिला बाहेर जा म्हटलं नाही. पण तेरावं झालं आणि ओट्याचा प्रश्न आला. धाकटा भाऊ शहाडला कारखान्यात होता. कारखान्याला कधी टाळं लागेल याचा नेम नव्हता, तेव्हा त्याचाही जीव ओट्यावर. त्याचं म्हणणं सरळ होतं. आईला लेक नाही, दोन मुलगे. म्हणून ओटा सुनेचा, म्हणजे त्याच्या बायकोचा.

बाजारातल्या जुन्या बायकांनी दुपारी, ओटे धुऊन झाल्यावर, बसून ठरवायचं होतं. आदल्या दिवशी थोरली घरी आली. हात सारखे पदराला पुसत होती. "ताई, उद्या याल? बोलायचं काय नाय. नुसत्या माझ्या मागं उभ्या राहा. मना बरं वाटंल."

गेले. ओला बाजार, पायाखाली खवले, आणि सगळ्यांत जुनी, दात गेलेली कोळीण मध्ये बसलेली. भाऊ बोलला. मग थोरली बोलली, हळू आवाजात, "आईचा ओटा हाय, मी तिची लेक हाय." भाऊ हसला. म्हणाला, लेक कसली, शाळेच्या दाखल्यावर काय लिहिलंय ते बघा, गावाला विचारा. दोनतीन बायका खाली मान घालून हसल्या. थोरली पदराला हात पुसत राहिली. मी ओठ दाबून धरले. देवाशपथ धरले होते. पण कुणी काही बोलेना, आणि मला ती शांतता सहन होईना.

"पुरुषानं मासळी विकू नये असा कायदा आहे का?" मी पुढे येऊन ओरडलेच. "कायद्यानं कुणालाही विकता येते. तोही बसू शकतो!"

तोही. भाऊ माझ्याकडे वळला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला अजून दिसतो. "ऐका," तो म्हणाला. "शिकलेल्या बाई हायत, मराठीच्या मास्तरीण. त्याच सांगतात. तो. पुरुष. मग आपल्या रिवाजानं ओटा कुणाचा?"

जुनी कोळीण म्हणाली, "बघू," आणि उठली. थोरलीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाटी उचलली आणि निघून गेली. मी मध्येच उभी, हातातली पिशवी या हातातून त्या हातात करत.

घरी जीव थाऱ्यावर नव्हता. भात करपला, मुलांवर उगाच खेकसले. आपल्याला काय मोठी वकिली सुचली होती! तिला ओटा हवा होता, पण पुरुष म्हणून मिळालेला ओटा तिला काय चाटायचाय? ती आयुष्यभर ज्याच्यातून सुटायला धडपडत होती, तेच मी भर बाजारात तिच्या गळ्यात बांधलं, वर कायद्याचा शिक्का मारून. संध्याकाळी सरळ कोळीवाडा गाठला. थोरली अंगणात सुके बोंबील निवडत बसली होती. मी उभ्या उभ्याच सुरू केलं. माफी मागते, मी जाऊन सगळ्यांना सांगते, माझ्या तोंडून चुकून गेलं, महापालिकेत माझी ओळख आहे...

"बसा, ताई," ती म्हणाली. "किती चुळबुळ करता."

मी बसले. ती निवडत राहिली. मला वाटलं ही आता रडेल नाहीतर शिव्या देईल, आणि दोन्हीची माझी तयारी होती. ती म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी भांडता ना, तेव्हा मी दिसतच नाय. तुम्हीच दिसता." रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर सोपं गेलं असतं. गप्प बसायची मला सवय नव्हती. त्या दिवशी बसले. खाडीवरून वारा येत होता, बोंबलांचा वास नाकात भरला होता, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी बोलणं पुरं होईपर्यंत थांबले.

"उद्या सकाळी मी ओट्यावर बसणार," ती म्हणाली. "कुणी हो म्हटलं नाय, नाय पण म्हटलं नाय. मासळी खपली तर ओटा माझा. नाय खपली तर भावाला बोलायलाच नको. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून या. दुसरं काय नको."

सकाळी शाळेत अर्धी रजा टाकून गेले. ती बसली होती. आईच्या जागी, मांडी ठोकून, समोर बोय, कोळंबी, मांदेलीचे वाटे लावलेले. भाऊ पलीकडे पानाच्या टपरीला टेकून उभा. बायका यायच्या, तिच्या ओट्यापर्यंत येऊन नजर चुकवायच्या आणि पुढच्या ओट्यावर जायच्या. एकही वाटा हलला नव्हता. बर्फाचं पाणी होऊन ओट्यावरून खाली गळत होतं, आणि ती माशा हाकत सरळ समोर बघत होती.

"बोय कशी दिलीस गं?" मी विचारलं. तिनं भाव सांगितला, चांगलाच चढा. "दे," मी म्हटलं आणि पाकीट उघडलं.

तिचा चेहरा एकदम दगड झाला. आवाज खाली आणून म्हणाली, "आईकडून अशीच घ्यायचात?"

"नाही."

"मग मना काय भीक घालायला आलात?"

पण या वेळी डोकं तोंडाच्या आधी पोचलं. मी पाकीट मिटलं आणि बाजारभर ऐकू जाईल असा आवाज लावला. "एवढ्याला? डोंबिवलीला निम्म्यात मिळते!"

"मग जा डोंबिवलीला! कोण बोलावलं होतं?"

"आणि ही ताजी? कल्ले दाखव बघू!"

"बघा, डोळे फाडून बघा! तुमच्या कुंकवापेक्षा लाल हायत!"

आमची चांगलीच जुंपली. शेजारच्या ओट्यावर एक जाडजूड कोळीण होती, म्हातारीशी जिचं उभं आयुष्य वैर गेलं. आदल्या दिवशी ती सगळ्यांत जास्त हसली होती. तिला चालून आलेलं गिऱ्हाईक असं भांडताना बघवेना. "ओ ताई, तिच्या नादी कशाला लागता? इकडं या, खाडीची ताजी बोय हाय."

थोरली गर्रकन वळली. "ए! माझ्या ओट्यावरचं गिऱ्हाईक ओढतेस? लाज नाय वाटत?"

"तुझं नाव लिवलंय काय त्यांच्यावर?"

"तोंड सांभाळून बोल, सांगून ठेवते!"

"काय करशील गो? आजच बसलीस नि आजच माजलीस, सटवे!" जाडी ओट्यावर गुडघ्यांवर उभी राहिली, हात नाचवत साऱ्या बाजाराला सांगू लागली. "आयशीसारखीच कजाग निघाली, बघा! ती मेली ती मेली, नि जाता जाता लेक बसवून गेली माझ्या उरावर!"

लेक. थोरलीनं मासे कापायला उचललेला कोयता हातातच राहिला. टपरीपाशी भावानं मान वळवली. मला काहीतरी बोलायचं होतं, जीभ नुसती वळवळत होती. मी ती दातांखाली दाबून धरली.

"बसणार!" थोरली ओरडली. आवाज मधेच फाटला, तिनं तो परत लावला. "उरावरच बसणार तुझ्या, रोज बसणार!" मग डोळे दंडाला पुसून माझ्यावर खेकसली, "काय घेणार ते सांगा ना, ताई! खोळंबा करू नका, मागं बाई उभी हाय."

मी वळून पाहिलं. मागे खरंच एक बाई पिशवी उघडून उभी होती.