दाजींची एकी

ख्रिस्ती लोकांच्या एकीसाठी माझ्या दाजींइतका जीव टाकणारा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि त्यांच्याइतक्या चर्चच्या मंडळ्या फोडणाराही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बँकेतून निवृत्त झालेत, डोंबिवलीत राहतात, आणि बायबलमधल्या पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पत्र काल संध्याकाळीच आपल्या पत्त्यावर आलं असावं अशा तातडीने वागतात. तुमच्यात फुटी नसाव्यात, सगळ्यांचं एक मन असावं, अशी पौलाची त्यात विनवणी आहे. ते एक मन कुणाचं, याबद्दल दाजींना कधी शंका आली नाही.

कल्याणच्या आमच्या जुन्या चर्चमध्ये पाळकांनी एकदा याच पत्रावर उपदेश केला. करिंथमध्ये कुणी म्हणे मी पौलाचा, कुणी म्हणे मी दुसऱ्या उपदेशकाचा, अपुल्लोसाचा. मग ख्रिस्ताचे काय तुकडे झाले, असं पौल विचारतो. झालं! दाजी भर उपासनेत उभे राहिले. "मग बाहेरच्या पाटीवर आपल्या पंथाचं नाव कशाला? पुसा ते." पाळक हसले, ही त्यांची चूक. पुढच्या रविवारी दाजी रंगाचा डबा घेऊन शिडीवर! पाटी पुसा म्हणणारे त्यांच्यामागून बाहेर पडले आणि नवी मंडळी निघाली. तिला नाव नव्हतं, म्हणून लोक तिला 'बिननावाची मंडळी' म्हणू लागले. पुढे तशी पाटीही लागली, तेव्हा दाजी तिथूनही निघाले. माजिवड्याच्या चर्चमध्ये टाळ्या वाजवून गाणारे आणि न वाजवणारे यांच्यात जुंपली होती, तिथे हे समेट करायला गेले. जाताना दोन गट होते, येताना तीन. गाणंच नको म्हणणारा तिसरा गट यांचा. "दाजी, तुम्ही गप्प का नाही बसत?" असं मी वैतागून विचारलं, तर म्हणाले, "मी गप्प बसलो तर एकी कोण करणार?"

शेवटी त्यांनी घरातच उपासना सुरू केली. उरलो आम्ही तिघं: दाजी, ताई आणि मी. आता फुटायला काही शिल्लक नाही, असं मला वाटलं. पण प्रभुभोजनाच्या, म्हणजे एक भाकर मोडून सगळ्यांनी वाटून खायच्या, दिवशी ताईने लादीपाव आणला. आपण पुष्कळ असलो तरी एकाच भाकरीचे वाटेकरी आहोत, असं पौल म्हणतो. मग लादी ही एकच भाकर, की बेकरीतच फूट पडलेले पाव नुसते चिकटून बसलेत, यावर दाजी अर्धा तास बोलले. सगळं ऐकून ताई उठली आणि तिने चपला घातल्या.

"मला कुठलंही चर्च चाललं असतं हो. तुमच्या शेजारी बसायला मिळावं, एवढंच मागितलेलं. तुम्हाला पौल कळतो, मी नाही कळत."

त्या दिवसापासून ती एकटीच कल्याणच्या जुन्या चर्चला जाऊ लागली.

काही रविवार दाजी घरी एकटेच बसले. मग एका सकाळी मला फोन. "अरे, तिचे गुडघे दुखतात. परत येताना रिक्षा मिळत नाही. चल, आणायला जाऊ." गेलो, फाटकाबाहेर उभे राहिलो. आत गीत सुरू झालं, आणि गाणं नको म्हणणारे दाजी रस्त्यावर, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, खणखणीत आवाजात गायला लागले. येणारे-जाणारे थांबून बघताहेत, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दाजी, निदान आत तरी चला."

"तत्त्वाचा प्रश्न आहे," म्हणाले, आणि पुढचं कडवं. इतकी वर्षं मला त्यांचा नुसता राग येत आला. त्या दिवशी पहिल्यांदा फार वाईट वाटलं. एकीचा एवढा भुकेला माणूस, आणि बाकी सगळे आत, हाच तेवढा बाहेर.

उपासना सुटली. ताईने हातातली पिशवी त्यांच्याकडे दिली. "आवाज बसलाय तुमचा. गरम पाणी घ्या घरी गेल्यावर," एवढंच म्हणाली.

आता दर रविवारी दाजी फाटकाबाहेर गात उभे असतात, आत यायचं नाव नाही. ताई पूर्वी अगदी पुढे बसायची. हल्ली ती मागे, रस्त्याकडच्या खिडकीशी बसते, आणि कितीही धूळ येवो, ती खिडकी कुणाला लावू देत नाही.