मोठ्या पातेल्याचं पाणी

माझी बायको हिरा शिजणाऱ्या भाताला कान लावायची. झाकण उघडायची नाही. नुसतं ऐकून सांगायची, पाणी आटलं. मी चौथी शिकलेला, ती तेवढीही नाही. पण भातात ती चुकली ती एकदाच.

धसईजवळच्या आमच्या शाळेत तिला खिचडी शिजवायचं काम लागलं तेव्हाची गोष्ट. घरी लहान टोपात तांदळाच्या जेवढ्या पट पाणी घालायची तेवढ्याच पट तिने मोठ्या पातेल्यात घातलं, पण मोठ्या पातेल्यातलं पाणी तेवढं आटत नाही. खिचडीची पेज झाली. पाणी मी भरून दिलं होतं, म्हणून सगळे माझ्यावर घसरले, "म्हाताऱ्याने जास्त ओतलं." हिरा चुलीपासून उठली. "यांनी एक तांब्या जास्त ओतला नाय. टोपाचा हिशोब मोठ्या पातेल्याला लागत नाय, ते माझ्या ध्यानात आलं नाय."

पुढे एकदा जेवणाच्या सुट्टीत विज्ञानाचे सर बोलत बसले होते. म्हणे सगळं विश्व पसरतंय, आणि पसरायचा वेग वाढतोय. ताऱ्यांच्या एकमेकांवरच्या ओढीने तो कमी व्हायला हवा होता. पुष्कळ शास्त्रज्ञ म्हणतात, न दिसणारं काहीतरी ढकलतंय. थोडे म्हणतात, ढकलणारं कोणी नाही, ओढीचा आपला नियमच एवढ्या लांबवर वेगळा चालत असेल.

हिरा म्हणाली, "म्हंजी पाणी कोणी ओतलंच नाय! हिशोब लहान टोपाचा होता."

सरांनी हातातला घास खाली ठेवला. मी म्हणालो, "तू खिचडी ढवळ गो. आभाळ तुझ्याशिवाय शिजेल." सगळे हसले. ती हसली नाही.

आजारपणात, मुरबाडच्या दवाखान्यात, तिने ते टोपाचं नि आभाळाचं मला पहिल्यापासून समजावलं. दम लागत होता तरी. "कळलं का?"

मी कंटाळून म्हणालो, "कळलं."

"खोटं बोलता. उद्या परत सांगते."

पहाटे ती गेली.

तेरावं झाल्यावर सरांच्या घरी गेलो. "ती बरोबर होती का नाय, एक काय ते सांगा."

"बाबा, अजून कोणालाच माहीत नाही. नियम बदलला तर लांबचं जुळतं, पण मग जवळचं, सूर्याचं नि ग्रहांचं, बिघडून चालत नाही. काहींची गणितं तिथेच मोडली. काहींची टिकून आहेत."

"शिकलेल्या माणसाने असं बोलायचं?" मी चिडलो.

सरांनी वही काढली. गोल काढले, रेघा मारल्या, पुष्कळ बोलले. माझं डोकं भणभणलं. शेवटी त्यांनी विचारलं, "कळलं का, बाबा?"

मान हलवली असती तर सुटलो असतो.

"नाय कळलं," मी म्हणालो. "उद्या परत येतो."